येतानाचे फेरे

डोंगरकड्याचा तांडा
२२ जुलै २००२

प्रिय संगिताताई,

नमस्कार. तुमचे बंधू रामप्रसाद म्हणतात, संगिताला लिहायचं तर नेमकं लिही, पाल्हाळ लावलं तर ती पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाचते. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मला तुमची मदत पाहिजे.

वस्तीशाळेवर लागून मला वर्ष झालं. सेवालाल महाराजांच्या देवळाचा ओटा, वर पत्रे, एक फळा, पहिली ते चौथीची सोळा लेकरं. मागच्या आठवड्यात केंद्रप्रमुख व्यंकटराव सर आले. त्यांनी तिसरी-चौथीच्या लेकरांना 'गाय' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. सगळ्यांनी लिहिला. 'गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते.' सगळ्यांचं अक्षर न अक्षर सारखं. सर खूश झाले. म्हणाले, "वा बाई, एकसारखं काम आहे. कुठं खोट न्हाई."

सर गेले आणि माझी नजर समोर गेली. ओट्यापुढच्या लिंबाला मोतीबाईची ढवळी बांधलेली असते. तुम्हाला आठवत असेल, म्हशीशी झुंजून तिचं एक शिंग मुळातून गेलंय. रोज सकाळी लेकरं तिच्या अंगाला अंग घासून आत येतात. मी विचारलं, "का रे, हिला किती शिंगं हायेत?" सगळे ओरडले, "एक!" "मग दोन काहून लिहिलं?" मग मोतीबाईची नात पुनम, तिसरीत आहे, ती उठून म्हणाली, "ही आपली गाय हाय बाई. निबंधातली येगळी असते."

लेकरं हसली, मी पण हसले. पण घरी येताना भीती वाटली, कारण निबंध मीच फळ्यावर लिहून दिला होता. डोळ्यासमोरची गाय सोडून फळ्यावरची गाय खरी मानायला मीच शिकवलं. आता यातून त्यांना बाहेर कसं काढायचं ते मला येत नाही. तुम्ही कारखान्यात मापं तपासता, डिप्लोमा केलाय. काही सुचवा.

याडी रोज विचारते, माझी लेक कधी येणार. दिवाळीला या. स्थळ दाखवणार नाही, ढवळीच्या उरलेल्या शिंगाची शपथ.

तुमची वहिनी
दिपा


वाळूज, औरंगाबाद
४ ऑगस्ट २००२

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र पूर्ण वाचले.

मी इथे बुश मोजते. बुश म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणारी धातूची गोल कडी. दिवसाला साधारण चारशे. चारशेच्या चारशे सारखे आले की मी शिक्का मारते आणि माल पुढे जातो. तुमच्या व्यंकटराव सरांनी तेच केले. त्यांची चूक एवढीच, की मुले म्हणजे माल नाही.

मला शिकवण्याचा अनुभव नाही, त्यामुळे एकच गोष्ट सुचवते. ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत आहे, तो प्रश्न आठवड्यातून एक दिवस विचारू नका. उत्तर पुस्तकात नको, फळ्यावर नको, तुमच्या चेहऱ्यावरही नको. बघून, मोजून किंवा करून काढावे लागेल असे हवे. कसे काढायचे तेही सांगू नका. ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

सुरुवातीला दोन प्रश्न पाठवते. हापशावर एक घागर भरायला दांडा किती वेळा हलवावा लागतो, आणि सगळ्यांचा आकडा सारखा का येत नाही? दुसरा, तांड्यापासून डोंगरकड्याच्या बाजारापर्यंतचा रस्ता किती लांब आहे? टेप मिळणार नाही.

उत्तरे जशी येतील तशी मला पाठवा. तुम्ही दुरुस्त करू नका. मी तपासून परत पाठवीन.

दिवाळीचे आताच सांगता येत नाही. रजेचा तक्ता अजून लागलेला नाही.

संगिता


डोंगरकड्याचा तांडा
१८ सप्टेंबर २००२

प्रिय संगिताताई,

तुमच्या दोन प्रश्नांनी तांड्यात धुमाकूळ घातलाय.

हापशाचं आधी सांगते. पहिल्या दिवशी बाया भांडायला आल्या. "दिपाबाई, तुमच्या शाळंपायी आमचं पाणी थांबलं! लेकरं दांडा सोडंनात, वरून आमच्या घागरी मोजून राहिलेत!" आकडे आले पंचेचाळीसपासून सत्तरपर्यंत. कुणी म्हणालं माझा हात बारीक, कुणी म्हणालं घागर मोठी. भीमसिंग आठ वर्षांचा आहे, तो दोन दिवस नुसता बसून बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, पयले दहा-बारा फुकट जातेत. पाणी खाली गेलेलं असतं, ते वर यावं लागतं. कुणी नुकतंच भरून गेलं असलं की फुकटचे कमी." हे मला कुठं माहीत होतं? मी त्याला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तो लाजून ढवळीच्या मागे जाऊन उभा राहिला.

रस्त्याला तर प्रत्येकानं आपापली तऱ्हा काढली. कुणी पावलं मोजली. एकानं लिहिलं, 'रस्ता माझ्या आजोबाच्या तीन बिड्या लांब आहे.' पण सगळ्यात भारी पुनमचं. ती म्हणाली, गाडीच्या चाकाला चिंधी बांधायची आणि चिंधी किती वेळा वर येते ते मोजायचं. चाक दोरीनं मापलं, एका फेऱ्याला चौदा फूट दोन इंच भरलं. पोळ्यानंतर मुगाची पोती बाजारला जात होती, तेव्हा चौघांनी आपापल्या गाडीवर बसून मोजलं. गाड्या एकाच सुताराच्या, चाकं सारखी. हे त्यांचे आकडे.

मोहनसिंग ७३८. दिपक ७४५. भीमसिंग ७४१. या तिघांनी जातानाच मोजलं, येतानाचं तेवढंच लिहून टाकलं. पुनमनं दोन्ही वेळा मोजलं. जाताना ७४२, येताना ६५५. तिची वही सोबत जोडली आहे.

एक गोष्ट वेगळी सांगते. पुनमचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात. तिची मोठी बहीण याच वयात त्यांच्याबरोबर धाकट्या भावाला सांभाळायला गेली ती पुन्हा शाळेत आलीच नाही. यंदा पुनमचा नंबर आहे. मी तिच्या बापाला, प्रेमसिंगला, सांगितलं की ही पोरगी वेगळी आहे, मोतीबाईपाशी ठेव. तो म्हणाला, "वहिनी, सगळ्याच मास्तरणी आपल्या पोरांना हुशार म्हणतेत. आपली संगी इंजिनेर झाली, ती म्हणू दे. पोरगीत कायी असंल तर ठेवतो. नसंल तर लेकराला सांभाळायला मला कुणी पाहिजे." त्यामुळे तो तुमच्या कागदाची वाट बघून राहिलाय.

तुमची
दिपा


वाळूज
२९ सप्टेंबर २००२

प्रिय वहिनी,

उत्तरे तपासली. भीमसिंगचे निरीक्षण उत्तम आहे. बिड्यांचे एकक नाकारता येत नाही, पण आजोबांनी ओढण्याचा वेग कायम ठेवला पाहिजे असे त्या मुलाला सांगा.

रस्त्याबद्दल. मोहनसिंग, दिपक आणि भीमसिंग यांचे आकडे एकमेकांशी एक टक्क्याच्या आत जुळतात. बरोबर. त्यांनी येताना मोजले नाही, पण त्याची गरजही नव्हती. रस्ता तोच आहे.

पुनमचा जातानाचा आकडा बाकीच्यांशी जुळतो, म्हणजे तिला मोजता येते. येतानाचा सत्त्याऐंशी फेऱ्यांनी कमी आहे. सत्त्याऐंशी फेरे म्हणजे तीनशे शहात्तर मीटर, जवळजवळ बारा टक्के. रस्ता येताना आखडत नाही. परतताना तिला गाडीत झोप लागली असावी. तिच्या वहीत मी त्या आकड्यावर लाल फुली केली आहे. कल्पना चांगली आहे हे तिला सांगा, पण मोजणी चुकली हेही सांगा.

प्रेमसिंगभाऊच्या निर्णयाचा भार या आकड्यावर टाकू नये. तुम्हाला मी कठोर वाटेन. चौथीत असताना मला गणितात शंभरपैकी एकाहत्तर मिळाले होते. गुरुजी दुसऱ्या गुरुजींना म्हणाले, तांड्याची पोरगी आहे, अकरा जास्त टाकलेत. ते मी ऐकले. त्या अकरा गुणांइतके वाईट मला नंतर कशाचे वाटले नाही. पुनमला मी तसले काही देणार नाही.

संगिता


डोंगरकड्याचा तांडा
२१ ऑक्टोबर २००२

संगिताताई,

पत्र मिळालं. लिहायला उशीर झाला कारण दसऱ्याची गडबड होती, आणि काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुम्ही दुरुस्त करू नका म्हणाला होतात, म्हणून तुमचं पत्र मी वर्गात जसंच्या तसं वाचलं. अकरा गुणांचं तेवढं सोडलं. झोपेची ओळ आली तशी सगळी लेकरं हसली. आता तिला कुणी पुनम म्हणत नाही. 'झोपाळी' म्हणतात. मोहनसिंग तर डोळे मिटून घोरून दाखवतो. मी त्याला रागावले, पण मी रागावले की ती जास्तच खाली बघते.

मी तिला एकटीला विचारलं, "झोपली होतीस का गं?" ती म्हणाली, "न्हाई." मी म्हटलं, "मग कमी कसे आले?" ती म्हणाली, "तेवढेच आले." एवढंच. दुसऱ्या दिवशी वही बघते तर ६५५ खोडरबरानं पार पुसलेला, कागद फाटेपर्यंत, आणि त्या जागी ७४२ लिहिलेलं. तुमची लाल फुली मात्र निघाली नाही.

प्रेमसिंगनं ओट्याशी येऊन विचारलं, "काय म्हणली संगी?" माझ्या आधी लेकरंच बोलली, "चूक दिली, चूक!" तो हसला. म्हणाला, "बराबर हाय. आपलं पोरगं आपल्याला ठाऊक असतंय." मी म्हणाले कल्पना तिची आहे, चिंधीची युक्ती तिची आहे. तो म्हणाला, "वहिनी, युक्तीनं लेकरू झोपतंय व्हय?"

दिवाळीनंतर त्यांची टोळी निघणार. तुम्ही प्रेमसिंगला दोन ओळी लिहाल का? दया नको, पण जे चांगलं आहे तेवढं तरी.

दिपा


वाळूज
३० ऑक्टोबर २००२

प्रिय वहिनी,

मुलांनी तिला चिडवले याचे वाईट वाटले. ती ओळ वर्गात वाचली जाईल असे मी गृहीत धरायला हवे होते.

आकडा पुसून दुसरा लिहिणे ही मात्र मोजणी चुकण्यापेक्षा मोठी चूक आहे. आमच्याकडे माप चुकले तर दुरुस्त करतात, खोटे लिहिले तर माणूस काढतात. तिला हे शांतपणे समजावून सांगावे.

प्रेमसिंगभाऊला वेगळे पत्र लिहिणे मला जमणार नाही. जे बरोबर ते बरोबर लिहिले, जे चूक ते चूक. त्यापलीकडे लिहिले तर ती शिफारस होते.

दिवाळीला येत नाही. कामाचा ताण आहे. याडीसाठी स्वेटर पाठवते आहे, माप अंदाजाने घेतले आहे.

संगिता


डोंगरकड्याचा तांडा
२४ नोव्हेंबर २००२

संगिताताई,

स्वेटर बराबर बसला. याडी तो अंगातून काढत नाही.

भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी टोळी गेली. पुनम गेली. ट्रकमध्ये बसताना धाकट्या भावाला कडेवर घेतलं होतं आणि मला नमस्कार करायला हात मोकळा नव्हता. वर्गात आता नऊ लेकरं उरली.

पण हे पत्र त्यासाठी नाही. नीट वाचा.

काल फळ्याला रंग आणायला डोंगरकड्याला जायचं होतं. मी नेहमी पायवाटेनं जाते. माझं माहेर आखाडा बाळापूर, इथं येऊन तीनच वर्षं झाली, आणि इथल्या गाडीत मी कधी बसलेच नव्हते. काल शेजारचे हरिचंदमामा कापूस घेऊन निघाले होते, म्हणाले, "बस बाई." जाताना गाडी माळावरून गेली, महादेवाच्या टेकाडाला वळसा घालून. कापूस उतरवला, रंग घेतला, परत निघालो. आणि अर्ध्यात आल्यावर मामांनी बैल एकदम खाली ओढ्यात घातले. मी ओरडले, "मामा, काहून इकडून? रस्ता तिकडं राहिला!"

ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "रिकामी गाडी तिकडून कशाला नेऊ? भरली गाडी माळानं, रिकामी ओढ्यानं. भरली या उतारावर घातली तर सगळा भार बैलाच्या मानंवर येतो, मान मोडंल त्याची. माझा बाप असाच येत व्हता, त्याचा बाप बी. तुमाला ठाऊक न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. पण मग मी एकेकाला विचारत सुटले. मोहनसिंगला ठाऊक होतं. दिपकला, भीमसिंगला, सगळ्यांना. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत रे?" तर म्हणाले, "बाई, तुमी रस्ता किती लांब इचारलं. गाडी कुठून येती ते कुठं इचारलं?" ढवळीसारखंच झालं, संगिताताई. आपली वाट वेगळी आणि वहीतली वेगळी. प्रेमसिंगनं स्वतः गाडी हाकली होती, पण भांडण कशावरून आहे ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं फक्त 'चूक' एवढंच ऐकलं.

त्या चौघांत दोन्ही वेळा मोजणारी एकटी तीच. आणि फुली तिलाच.

मी तुम्हाला बोल लावत नाही. पत्र मी वाचून दाखवलं होतं.

दिपा


वाळूज
३० नोव्हेंबर २००२

प्रिय वहिनी,

चूक माझी आहे. तुमची नाही.

तुम्हाला माहीत नव्हते हे साहजिक आहे. मला माहीत असायला हवे होते. आश्रमशाळेत जाईपर्यंत, म्हणजे नऊ वर्षांची होईपर्यंत, मी दर बाजाराला बापूंच्या गाडीतून परत आले आहे. तुमचे पत्र वाचल्यावर बराच वेळ आठवत बसले. माळ आठवतो. टेकाड आठवते. येताना एक ठिकाण यायचे, तिथे गाडी पुढे झुकायची. मला त्याची फार भीती वाटायची. बापूंना कळू नये म्हणून मी त्यांच्या पाठीमागे बसून डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि तांड्यातली कुत्री भुंकायला लागली की उघडायचे.

परतताना तिला झोप लागली असावी, असे मी लिहिले. डोळे मिटलेली मुलगी ती नव्हती.

प्रेमसिंगभाऊची टोळी कोणत्या गावच्या फडावर आहे, मुकादमाला विचारून लगेच कळवा. पत्राने हे होणार नाही. मी जाणार आहे.

संगिता


वाळूज
९ डिसेंबर २००२

प्रिय वहिनी,

तुमचे कार्ड शुक्रवारी मिळाले. काल रविवारी गेले. दोन एस.टी. आणि नंतर चार किलोमीटर चालत. नेवाशाच्या पुढे कॅनॉलच्या कडेला टोळीच्या साठेक कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, आहेत. पोहोचले तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

पुनम कोपीच्या दारात बसून भावाला पाचटाशी खेळवत होती. मला तिने ओळखले नाही. नाव सांगितले तेव्हा उभी राहिली आणि भावाला दोन्ही हातांनी धरले. मी आधी लिहून, पाठ करून गेले होते, तेवढेच म्हणाले. "तुझे दोन्ही आकडे बरोबर होते. माझी फुली चूक होती. मी गाडी कुठून येते हे विचारले नाही." तिने मान हलवली. रडली नाही, हसलीही नाही.

मग मी विचारले, इथे काही मोजतेस का? तिने कोपीतून एक काठी आणली. उसाच्या टायरगाडीच्या चाकालाही ती चिंधी बांधते. फडापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचे फेरे तिने काठीवर दहा-दहाची एक खाच करून मोजले होते. जातानाच्या खाचा होत्या, येतानाच्याही तेवढ्याच होत्या. मी विचारले, "दोन्ही वेळा मोजलेस?" ती म्हणाली, "न्हाई. एकदाच. येतानाचं तेवढंच लिहायचं असतंय ना?"

वहिनी, नोकरीत मी हजारो नग नाकारले असतील. इतके चांगले काहीतरी मी स्वतःच्या हाताने मोडलेले पहिल्यांदा पाहिले.

दुपारी प्रेमसिंगभाऊ आणि पुनमची आई नीलाभाभी फडावरून आले. मी नकाशा काढून नेला होता, माळाची वाट आणि ओढ्याची वाट, प्रमाणात. भाऊने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, "हे टेकाड तू लई डावीकडं काढलंस. माझ्याकडून शिक." टोळीतले दोघेतिघे हसले. मी पेन दिला. त्याने टेकाड योग्य जागी काढले. त्याचेच बरोबर होते.

मी त्याला सगळे सांगितले. तो तंबाखू मळत ऐकत होता. मग म्हणाला, "संगी, तूच म्हणलीस चूक. आता तूच म्हणतीस बराबर. उद्या काय म्हणशील?"

मी म्हणाले, "उद्या आधी विचारीन. मग म्हणेन."

"आन् हे लेकरू कोण सांभाळंल? तुझा कारखाना?"

नीलाभाभी तोवर चुलीशी होती. ती तिथूनच बोलली. "मी बी त्या गाडीत व्हते. येताना पोरगीला मुगाच्या शेंगा दिल्या तर घेतल्या न्हाईत. म्हणली, याडी बोलू नको, इसरून जाईल. ओढ्यात पाणी उडालं तरी चाकावरची नजर काढली न्हाई."

प्रेमसिंगभाऊ म्हणाला, "मग तवा काहून बोलली न्हाईस?"

ती म्हणाली, "मला कुणी इचारलं?" आणि मग, भाकरी उलटताना, "लेकराला मी पाठीशी बांधून नेते फडात. थोरलीला बी आपण असंच आणलं व्हतं, एका सालापुरतं म्हणून."

जेवून निघाले. भाऊ रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, मुकादमाशी बोलतो, पुढच्या रविवारी सांगतो.

हो म्हणेल असे मी गृहीत धरत नाही. पण पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे आणि सहा दिवसांची रजा लिहून दिली आहे. हो म्हणाला तर तिला घेऊन मीच तांड्यावर येईन. याडीला सांगू नका. नक्की नाही.

संगिता


डोंगरकड्याचा तांडा
२७ जानेवारी २००३

प्रिय संगिताताई,

तुम्ही पुनमला घेऊन आलात, चार दिवस राहून गेलात आणि तांडा अजून तेच बोलतोय. याडीनं हरिचंदमामांना तीनदा ऐकवलं की माझी लेक परत येणार आहे होळीला. तुम्ही नक्की म्हणाला होतात की नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

रिकाम्या गाडीतून आपण ओढ्यात उतरलो तेव्हा तुम्ही माझा हात किती गच्च धरला होता, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. डोळे उघडे होते, हे मात्र सगळ्यांना सांगितलं.

आता मी दर शुक्रवारी प्रश्न विचारते आणि उत्तर आलं की चूक-बरोबर लिहिण्याआधी एकच विचारते, "हे कसं काढलंस, मला दाखव." अर्धा दिवस त्यातच जातो. मागच्या आठवड्यात व्यंकटराव सर पुन्हा आले. पुन्हा गायीचा निबंध, या वेळी सगळ्यांनाच. नऊ आणि पुनम धरून दहा लेकरं, दहा गायी. एकीला एक शिंग, एक लाथ मारते, एक दुसऱ्याच्या रानात जाते म्हणून गळ्यात लाकूड बांधलेलं. दिपकनं लिहिलं की आमच्याकडे गाय नाही, म्हणून मी शेजाऱ्याच्या गायीबद्दल लिहितो, पण तिचं दूध आम्हाला मिळत नाही. सरांनी दहाही वह्या दोनदा चाळल्या. म्हणाले, "बाई, एकाचं दुसऱ्याशी जुळंना. मागल्या वेळी कसं छान होतं." शेरेबुकात लिहून गेलेत, 'लेखनात एकवाक्यता नाही. सुधारणा आवश्यक.' मी खाली सही केली आणि वाचून हसू दाबलं. पण खरं सांगते, थोडी धास्ती आहे. पुढच्या वेळी वरचे साहेब घेऊन येतो म्हणाले. येऊ द्या. ढवळीला दाखवू.

मोहनसिंग आता घोरून दाखवत नाही. परवा तो पुनमला विचारत होता, उतारावर चिंधी दिसत नाही तेव्हा कसं मोजतेस. ती म्हणाली, "आवाजानं. चाकाची लोखंडी धाव दगडाला लागती तवा कळतंय."

तिनं तुम्हाला चिठ्ठी लिहिली आहे. मी दुरुस्त केलेली नाही.

तुमची
दिपा


संगिताआत्यास पुनमचा नमस्कार.

मी आजीपाशी आहे. बाबा होळीला येणार आहेत. आईनं भावाला पाठीशी बांधलं असं बाबाच्या निरोपात आलं.

हरिचंद आजोबाच्या गाडीत मी परत मोजलं. जाताना ७४२ आले. येताना ६५७ आले. मागच्या वेळी ६५५ होते. दोन फेरे जास्ती काहून आले ते मला कळलं न्हाई. मी झोपले नव्हते.

ओढ्याला आता पाणी न्हाई, तवा होतं. त्यानं असंल का दगडानं असंल ते बघून राहिले.

तुमाला ठाऊक असलं तरी सांगू नका.